बुरुजातलं मूळ

"ओढा, मूळ ओढून काढा," मुकादम म्हणाला.

त्या पडक्या किल्ल्यावर हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता. एरवी नवा माणूस आला की तो आधी दम भरायचा: बुंधा कापा, मुळात औषध भरा, ते जागेवरच मरू द्या. भिंतीत शिरलेलं मूळ दगड फोडतं खरं, पण पुढं तेच दगडांना धरूनही ठेवतं. ते उपटलं की भिंत अंगावर. याला मात्र त्यानं हे मुद्दामच सांगितलं नव्हतं.

हा म्हणजे नवा गवंडी, मुकादमाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सगळा जन्म विटांच्या कामात गेलेला, जुन्या दगडी भिंतींबद्दल त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

रविवारी मुकादम बहिणीकडे गेला होता. तिचा ओठ फाटलेला, हाताचं बोट वेडंवाकडं सुजलेलं. "पाय घसरला, दादा," ती म्हणाली. दर महिन्याला घसरते ती! शेजारी नवरा मान खाली घालून उभा, त्याच्या मुठींची सालटं निघालेली. मिसरूड फुटलेला भाचा तेवढा गुणाचा, मामाला पाणी काय आणून दिलं, खुर्ची काय पुसून दिली. मुकादमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तो पाणी पिऊन गुपचूप परतला.

आता बाकीची माणसं खाली जेवायला बसली होती. गवंड्यानं मुळाला दोर बांधला आणि अडखळत म्हणाला, "दादा, एक मागू? पोराला इथं कामाला घ्या. राहायलाही इथंच ठेवा."

"का? घरात त्याची अडचण होते तुम्हाला?"

"तसं नाही..." गवंड्यानं कपाळावरचा घाम पुसला. "घरातलं घरात राहू द्या. मी बघतोय."

"तुम्ही काय बघताय ते तिच्या तोंडावर दिसतंय."

गवंड्यानं मुळाकडे तोंड फिरवलं. दोर मनगटाला गुंडाळला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला.

मूळ करकरलं आणि बुरुजाची अख्खी बाजू खाली आली. मातीचा लोट उठला. दगडांखालून हाड मोडल्याचा आवाज आला, मग एक लांब, जनावरासारखी किंकाळी. धूळ बसली तेव्हा दगडांतून एक हात बाहेर आलेला दिसला. बोटं माती उकरत होती.

मुकादम तिथंच उभा राहिला. एक धोंडा बाजूला सारला असता तरी गवंडी वाचला असता. त्यानं बोटं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मगच बोंब ठोकली, "धावा रे, धावा!"

बहीण सुटली. त्या रात्री किती तरी दिवसांनी त्याला शांत झोप लागली.

दिवसकार्य उरकल्यावर तो तिच्या घरी गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत भांडी आदळली, कोणीतरी भिंतीवर आपटलं. तो धावत शिरणार तोच बहीण उंबऱ्यात आली. एक डोळा सुजून मिटलेला, कानातून रक्त गळत होतं.

"आता कोणी मारलं तुला?" तो ओरडला.

तिनं दार घाईनं पाठीमागं ओढून घेतलं.

"हळू बोल, दादा, तो ऐकेल," ती म्हणाली. "पोरानं हात उगारला की हे मध्ये पडायचे, त्याला धरून ठेवायचे. आता कोण धरणार?"