चौथी सीट

मारोतराव देठेंच्या गाडीतून, ते स्वतः धरून, ऑफिसातले चौघे यवतमाळ-दारव्हा रोज अपडाऊन करायचे. पेट्रोल, ऑइल, टायरची झीज असं सगळं धरून मारोतरावांनी माणशी एकशे साठ रुपये रोज काढला होता. श्रावणात अश्वजित हार्ट अटॅकनं गेला आणि उरलेल्या तिघांवर दोनशे तेरा रुपये तेहतीस पैसे बसू लागले.

अनुकंपाच्या नोकरीसाठी लोकांची वर्षंच्या वर्षं जातात. पण मारोतरावांनी स्वतःच्या रजा टाकून, साहेबांच्या हातापाया पडून, अश्वजितच्या बायकोला दिवाळीच्या आत त्याच ऑफिसात चिकटवलं. त्यांची माणुसकी पाहून ऑफिसचे डोळे पाणावले.

पहिल्या दिवशी त्यांनी गाडी थेट तिच्या दारात लावली. "या दीपावहिनी, बसा. अश्वजितचीच सीट हाय."

वहिनींना रडूच फुटलं. "सख्ख्या भावानं केलं नसतं, तेवढं केलं तुमी. आता आणखी तरास नाई देत, भाऊजी. दारव्ह्यालेच किरायानं खोली पाह्यली. आजचा दिवस तेवढी येते गाडीत."

मारोतरावांनी स्टिअरिंगवरचा हात काढून मागं पुढं केला.


"मंग आजचे तेवढे एकशे साठ द्या, वहिनी."