शिखरावरची वही

गिर्यारोहकांचं सामान पाठीवर वाहत तिचे बाबा आठ वर्षं त्या उंच शिखरावर जात होते. तिने हे वर्गात सांगितलं, तर मुलं हसली. "थापा मारू नकोस! वर पोचलेला प्रत्येक जण तिथल्या वहीत सही करतो. तुझ्या बाबांची दाखव."

म्हणून सुट्टीच्या दिवशी बाबा तिला शिखरावर घेऊन गेले. दगडांच्या राशीखालच्या पत्र्याच्या पेटीतून तिने ती जाडजूड वही काढली आणि पहिल्या पानापासून एकेका नावावर बोट फिरवू लागली. वाऱ्याने फडफडणारी पानं बाबा दाबून धरत होते.

शेवटचं पानही संपलं.

"बाबा, तुमचं नाव कुठंय?"

"अगं, सह्या साहेब लोक करतात. तोवर आम्ही त्यांच्यासाठी चहा उकळतो. हमालाच्या हातात वही कोण देतंय?" बाबा हसले. "पेन मात्र दर वेळी माझंच मागून घ्यायचे."

तिने वही मिटली. मग वही पेटीत ठेवून तिने त्यांचा हात धरला.



"असू दे, बाबा. मी शाळेत सांगेन, वही पावसात भिजली होती."