शेजारच्याची ढाल

“आज पण दोन-दोन तलवारी घेणारेच जिंकले, तर पुढच्या रविवारपासून सरळ कॅरम,” फासे खुळखुळवत ओजस म्हणाला.

राक्षस, किल्ले, कागद-फाशांचा हा अख्खा खेळ निनादनं स्वतः रचला होता, पण हत्यारांचं गणित काही केल्या जुळेना. ढालीला जोर दिला की ढालवाला मरायचाच नाही. जोर कमी केला की पहिल्याच फटक्यात आडवा. घरी एकटा बसून तो डाव्या हाताचा फासा उजव्या हाताच्या फाशाशी लढवून बघायचा. शेवटी सगळे दोन-दोन तलवारीच घ्यायचे. एकटी शर्वरी हट्टानं ढाल घ्यायची आणि सगळ्यांआधी मरायची.

आज राक्षसानं ओजसच्या योद्ध्यावर गदा उगारली. त्या योद्ध्यात जेमतेम जीव उरला होता.

“माझी ढाल ह्याच्यापुढे धरू?” शर्वरीनं विचारलं.

निनादनं नियमांचा कागद पाहिला. असा नियमच नव्हता. एकट्यानं खेळून बघताना कुणाच्या शेजारी कुणी उभंच नव्हतं ना!

“धर की! बघू तरी काय होतंय,” तो पुढे सरकत म्हणाला.

फासा घरंगळला. ढालीचे दोन तुकडे झाले, पण ओजसचा योद्धा वाचला. टेबलाभोवती एकच कल्ला झाला.

“मरायची एवढी हौस होय गं तुला?” ओजस हसला. मग त्यानं आपल्या कागदावरची एक तलवार खोडली.

“निन्या, मला एक ढाल दे. आता हिच्यापुढे कोण धरणार?”