समोरचं ऊन

समोरच्या काचेवर ऊन असं आदळलं की क्षणभर रस्ताच पुसला गेला. शेजारी बसलेल्या सुनेने नकळत पाय दाबला.

"तिकडे ब्रेक नाही सूनबाई," सासरे म्हणाले. "तो होता आपल्या शिकवणीच्या गाडीला. हिला नाही."

त्यांनी वेग कमी केला, गॉगल सारखा केला, व्हायझर खाली ओढला आणि जुन्या सवयीने धडा सुरू केला. ऊन समोर असलं की वर बघायचंच नाही, रस्त्याची डावी कडा धरायची. पुढच्या गाडीपासून चांगलं लांब राहायचं. काच बाहेरून सगळेच पुसतात. चमकतो तो आतला तेलकट थर, तो पुसायचा. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. लग्नानंतर तिलाही त्यांनीच.

उन्हाळा लागल्यावर त्यांनी गाडी आधी फाटकाच्या खांबाला घासली. मग पाळणाघरासमोर उभी असलेली कुणाची तरी सायकल पाडली. दोन्ही वेळा एकच म्हणाले, "ऊन आलं गं डोळ्यांवर." खोटं वाटायचं कारणच नव्हतं, नुसती आग पडत होती. तेव्हापासून सगळ्या घराने उन्हाशी भांडण मांडलं. तिने त्यांना भारीतला गॉगल आणला, टोपी आणली. ऑफिसला निघण्याआधी ती स्वतः गाडीची काच आतून पुसायची.

नवरा मात्र ऐकेना. "ऊन काय एकट्या बाबांनाच लागतं? किल्ली काढून घे त्यांच्याकडून."

"तूच घे ना. वडील तुझे आहेत."

तेही त्याच्याच्याने होईना. सासूबाई गेल्यापासून सासरे दाढी करायचे ती फक्त नातीला पाळणाघरातून आणायला जाण्याआधी. तेवढंही काढून घेतलं, तर माणूस खुर्चीतून उठणार कशासाठी? पण मागच्या सीटवर रोज लेक असायची, आणि ती वेळ झाली की ऑफिसात तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं. गाडी फाटकात शिरल्याचा सासऱ्यांचा फोन येईपर्यंत ती फोन हातातून खाली ठेवत नसे. शेवटी दोघांनी ठरवलं, एक दिवस तिने सोबत बसून बघायचं. किल्ली राहणार की जाणार, ते तिने सांगायचं.

सासऱ्यांना हे कुणी बोललं नव्हतं. पण आज ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

पाळणाघर येईपर्यंत ऊन हटलं नाही. तिने हाताचा आडोसा करून पाहिलं, तरी पुढचा टेम्पो नुसता काळा ठिपका.

"खरंच हो बाबा. मलाही काही दिसत नाहीये."

"मग! सांग तुझ्या नवऱ्याला."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरंही वाटलं. ऊनच होतं. बाबा नव्हते.

पाळणाघराच्या दारात लेक धावत आली. "आई, आज तू पण?"

"आई परीक्षा घ्यायला आलीय माझी," सासरे म्हणाले. गॉगल काढून त्यांनी शर्टाच्या खिशाला अडकवला होता. गॉगलशिवाय त्यांचे डोळे फार थकलेले दिसत होते. "काय गं, पास की नापास?"

"पास, बाबा."

ती चटकन बोलून गेली. त्यांनी नुसता एकदा तिच्या डोक्यावर हात ठेवला.

लेकीचा पट्टा तिने ओढून दोनदा पाहिला. सासऱ्यांनी व्हायझर वर केला, गाडी वळवली, आणि ते घराच्या रस्त्याला लागले. आता तिच्या मानेला ऊन लागत होतं. झाडं, पाट्या, दुकानांची शटरं, सगळं लख्ख सोनेरी. तिने इतका वेळ ताणून धरलेला पाय सैल सोडला. नवऱ्याला काय सांगायचं, ते ती मनात जुळवू लागली. फाटकाचा खांब जरा रंगवून घेऊ, सायकलवाल्याला एकदा भेटून येऊ, झालं.

गाडीचा वेग कमी झाला. सासऱ्यांनी चाचपून गॉगल चढवला. मग व्हायझर खाली ओढला.

"आजोबा, गंमत बघा ना!" मागून लेक ओरडली. "आपल्या गाडीची सावली आपल्या पुढे पळतेय! केवढी लांब!"

सासरे स्टिअरिंगवर वाकले. रस्त्याची डावी कडा शोधावी तशी त्यांनी मान डावीकडे केली.

"कशी दिसणार बाळा," ते म्हणाले, "समोरून केवढं ऊन येतंय."