प्रश्नार्थी वाक्य

परदेशात घरकामाला जाणाऱ्या बायकांना बाई इंग्रजी शिकवायच्या. विधानार्थी वाक्य झालं, आज्ञार्थी झालं. प्रश्नार्थीला नुकताच हात घातला, तेवढ्यात बायकांना तिकडे पाठवणारा एजंट वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, प्रश्न कशाला? तिकडे यांना विचारतंय कोण! आज्ञार्थीच घोटून घ्या. सांगितलेलं काम कळलं की झालं."

बाईंनी मुकाट्याने फळा पुसला. हे धू, ते पूस, दार लाव. वर्ग सुटेपर्यंत तेवढंच चाललं.

सगळ्या गेल्यावर दोन लेकरांची एक आई मागे रेंगाळली.

"बाई, मला एकच प्रश्न शिकवा. मला घरी कधी जाता येईल?"

बाईंनी शिकवला. जीभ नीट वळेपर्यंत तिने तो पुन्हा पुन्हा म्हटला. मग म्हणाली, "मालकीण काय उत्तर देईल, तेही शिकवून ठेवा. नाहीतर मला कळायचंच नाही."

आधीच्या तुकडीतल्या बायकांचे बाईंना अजून तिकडून फोन यायचे. बाई हातातला खडू नुसता फिरवत राहिल्या.

"म्हण. नॉट धिस इयर."

"नॉट धिस इयर," ती म्हणाली. "म्हणजे काय?"

"या वर्षी नाही."

तिचा चेहरा उतरला. पण लगेच स्वतःला सावरत तिने विचारलं, "आणि पुढच्या वर्षी विचारलं तर?"

"तेव्हा नवीन काही शिकावं लागणार नाही," बाई म्हणाल्या.