लसणाची वेणी

सावलीत सुकवलेल्या लसणाची वेणी कलाबाई ओट्यावर बसून घालत होती. दुसरं टोक कुणीतरी ताणून धरायला लागतं. नवरा होता तोवर तो धरायचा, तो वारल्यापासून सून धरते. आज कलाबाई एकटीच होती. टोक उंबऱ्याच्या आत, लोडशेडिंगच्या अंधारात लोळत होतं.

अचानक ते ताणलं गेलं.

"आलीस का सुवर्णा? घट्ट धर गं." मान वर न करता ती विणत राहिली.

तेवढ्यात समोर फाटक वाजलं. सातपूरची शिफ्ट संपवून, डब्याची पिशवी घेऊन सुवर्णा अंगणात येत होती.

कलाबाईचे हात थांबले. मागे न बघता तिने पदर डोक्यावर घेतला.

"अहो, दमला असाल. सोडा आता."

वेणी हळूच आत ओढली गेली.