नाथाजीचं दार

नकाशावर पुढच्या दारावर लाल फुली मारलेली होती.

धोंडिरामनं साहेबांचा चहा टेबलावर ठेवला आणि नकाशा दोनदा न्याहाळला. संग्रहालयाचं नवं दालन मागच्या अंगाच्या जुन्या खोल्या जोडून होणार, हे त्याला ठाऊक होतं. पण लोकांनी आत यायचं ते मागच्या बुटक्या दारातून, हे आज कळत होतं. त्याचं डोकंच फिरलं.

"सायब, फुडचं दार बंद करायलाय?"

संचालक विश्वजित माने साताऱ्याहून नुकताच बदलून आलेला. पस्तिशीचा, बोलायला कमी. "हो मामा. सगळ्यांनी मागूनच यायचं."

तीस वर्षं इथं शिपाई असून धोंडिराम त्या मागच्या दारातून एकदाही आत आला नव्हता, बाहेर गेला नव्हता. कचऱ्याची पाटीसुद्धा तो पुढच्या दारानं काढायचा आणि अख्ख्या इमारतीला वळसा घालून मागच्या उकिरड्यावर न्यायचा, भर पावसातही. आधीच्या साहेबांनी त्याला येड्यात काढलं होतं. त्यानं कारण कुणाला सांगितलं नव्हतं.

ही इमारत संस्थानची कचेरी होती, तेव्हा त्याचा बाप नाथाजी गावाचं टपाल घेऊन सात कोस चालत यायचा. महाराला पुढचं दार नव्हतं. मागच्या दारात वाकायचं, टपाल उंबऱ्याशी ठेवायचं आणि तीन पावलं मागं सरायचं. सात वर्षांचा धोंडिराम एकदा बापाबरोबर आला आणि पितळी फुलांचं थोरलं दार बघून हरखून तिकडं पळाला. पहारेकऱ्यानं पोराला हात लावला नाही. पोराच्या देखत बापाच्या थोबाडीत दिली. पुढं छप्पन साली धोंडिरामनं धम्म घेतला, आणखी दहा वर्षांनी इथंच नोकरीला लागला. थोरल्या दारानं आत येताना पहिल्याच दिवशी त्यानं मनाशी ठरवलं, मेलो तरी मागून येणार नाही.

"माझा बाप त्या दारात वाकला सायब," धोंडिरामचा आवाज चढला. "आता कुटं आमी ताठ मानंनं आत याया लागलो, तर तुमी दारच बंद करायलाय. आमाला पुन्यांदा वाकवताय व्हय?"

विश्वजितनं पेन उचललं. "संस्थानच्या दप्तरात त्या दाराचा सगळा नियम लिहिलाय मामा. येणाऱ्यांची नावं तेवढी नाहीत. तुमच्या वडलांचं नाव काय?"

"नाथाजी. कशाला?"

साहेबानं नाव टिपून घेतलं आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं. जखमेवर मीठ चोळायला नाव कशाला लागतं, असं मनात म्हणत धोंडिराम बाहेर पडला.

चिडलेला तो एकटाच नव्हता. विश्वस्त आप्पासो तर नुसते फणफणत होते. त्यांचे आजोबा संस्थानचे कारभारी. "मंत्र्यानं काय गोठ्यात शिरल्यागत वाकून यायचं? चौकट तरी मोठी करा," असं त्यांनी बांधकामावर येऊन सुनावलं. पण मंजुरी वरून आली होती, त्यांचं काही चालेना. विश्वजितनं गवंड्याला बजावलं, चौकट इंचभरसुद्धा उचलायची नाही. ते ऐकून धोंडिरामच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी त्यानं राजीनामा लिहायला घेतला. कुपवाडच्या कारखान्यातनं आलेला त्याचा पोरगा कपिल दारात गाडी लावतो न लावतो तोच तो कागद बघून चरकला. "आबा, रिटायर व्हायला सा म्हैनं ऱ्हायल्यात. एक दार त्ये काय!"

"तुला त्ये दार वाटतंय," धोंडिराम म्हणाला. "माझ्या बापाचं थोबाड हाय त्ये."

उद्घाटनाच्या सकाळी तो कडक इस्त्रीचा गणवेश घालून आला. राजीनामा खिशात होता. मागं मांडव, बँड, मंत्र्यांच्या गाड्या. तिकडं न जाता तो थोरल्या दारासमोर उभा राहिला. दाराला भलंमोठं कुलूप होतं.

विश्वजित वळसा घालून त्याच्यापाशी आला. "मामा, बाकी सगळे मागून. हे दार आजपासून फक्त तुमच्यासाठी." त्यानं किल्ली धोंडिरामच्या हातावर ठेवली आणि आला तसा परत गेला.

 धोंडिरामनं कुलूप काढलं. थोरलं दार करकरत उघडलं आणि तो एकटा, ताठ मानेनं, आत चालत गेला.

जुना दिवाणखाना ओलांडून तो नव्या दालनात आला. मागच्या दाराकडं तोंड करून एक दगडी पाटी उभी होती. त्याला तिची पाठ तेवढी दिसत होती. तो तिच्याशेजारी जाऊन थांबला. तेवढ्यात फीत कापली गेली आणि लोक यायला लागले. मंत्री कमरेतून वाकले. त्यांच्या मागून आप्पासो. त्यांचा फेटा चौकटीला अडकला आणि थेट धोंडिरामच्या पायाशी येऊन पडला. तो उचलून ते सरळ झाले, पाटीकडं नजर गेली आणि फेटा डोक्यावर चढवायचा राहूनच गेला.

धोंडिराम दोन पावलं पुढं गेला आणि वळून त्यानं पाटी वाचली.

'हे नाथाजींचं दार. इथून आत येणाऱ्याला वाकावं लागतं.'